दुसऱ्या टोकाचा माणूस

हेमू अधिकारी यांची कसोटी कारकीर्द एका ओळीत मावते. 21 कसोटी, 872 धावा, एक शतक. पुढच्या पिढीतल्या काही फलंदाजांनी एवढ्या धावा एका मोसमात केल्या, त्यामुळे क्रिकेटच्या गप्पांत त्यांचं नाव निघालंच तर "हां, ते कर्नल" एवढ्यावर विषय आटोपतो. मला मात्र त्यांचे धावफलक वाचताना एक खोड लागली आहे. त्यांच्या नावापुढचा आकडा मी नंतर बघतो. आधी बघतो, समोरच्या टोकाला कोण होतं.

जानेवारी 1948, ॲडलेड. ऑस्ट्रेलियाने 674 धावांचा डोंगर रचलेला, भारतावर फॉलोऑन, आणि दुसऱ्या डावात लिंडवॉल सुटलेला. भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले. त्या पडझडीत विजय हजारे यांनी 145 केल्या. पहिल्या डावातही त्यांनी 116 केल्या होत्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय, म्हणून ॲडलेड हजारेंचं झालं, आणि ते योग्यच आहे. पण शतकवीराला समोर कोणी तरी उभं राहावं लागतं. त्या दिवशी उभा राहिलेला माणूस 51 धावा करून गेला. दोघांनी 132 जोडल्या. तो माणूस म्हणजे अधिकारी.

ऑक्टोबर 1952, दिल्ली. भारत आणि पाकिस्तान यांची पहिली वहिली कसोटी. शेवटचा गडी म्हणून गुलाम अहमद आले. ते ऑफस्पिनर, बॅट हाती धरण्यापुरती. पलीकडे अधिकारी होते. शेवटच्या जोडीने 109 धावा काढल्या. गुलाम अहमद यांचं अर्धशतक झालं आणि अधिकारी 81 वर नाबाद राहिले. दहाव्या गड्यासाठीचा हा भारतीय विक्रम 52 वर्षं टिकला. डिसेंबर 2004 मध्ये ढाक्यात सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी तो मोडला. अकराव्या क्रमांकाच्या माणसाला अर्धशतक करू देणं ही एक कला आहे. षटकाच्या शेवटी एक धाव चोरून स्ट्राइक स्वतःकडे ठेवणारे पुष्कळ असतात. पण समोरच्याला "तूही खेळू शकतोस" असं पटवून त्याच्या पन्नास होईपर्यंत थांबायचं, याला निराळा स्वभाव लागतो. की निराळं शिक्षण? या प्रश्नाने मला बरीच वर्षं छळलं आहे.

अधिकारी पुण्यात 1919 साली जन्मले, बडोद्याकडून मोठे झाले आणि सैन्यात अधिकारी झाले. पहिली कसोटी खेळले तेव्हा ते 28 वर्षांचे होते. उमेदीची वर्षं महायुद्धात गेली आणि पुढेही नोकरी आधी, खेळ नंतर, असाच क्रम राहिला. लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत पोचलेल्या माणसाने कसोटी क्रिकेट जवळजवळ रजा काढून खेळावं, हे आजच्या मुलांना चेष्टेचं वाटेल.

हे सगळं मी कलकत्त्याच्या गार्डन रीचमध्ये बसून लिहितो आहे, याला कारण आहे. माझं घराणं बी. एन. आर.चं. नागपूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. बंगाल नागपूर रेल्वे 1887 साली निघाली, तिच्या नावातच नागपूर होतं, आणि मोतीबागेच्या आसपास वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या घरी 'हेडऑफिस' म्हणजे गार्डन रीच. वडिलांच्या बदल्या, बढत्या, पास, फंड यांची सगळी कागदपत्रं हुगळीकाठच्या या कचेरीतून यायची. पुढे त्या रेल्वेची दक्षिण-पूर्व रेल्वे झाली, 2003 मध्ये नागपूर विभाग बिलासपूरच्या नव्या झोनमध्ये गेला, पण इथले म्हातारे अजून 'बी. एन. आर.'च म्हणतात. मी स्वतः याच कचेरीत नोकरी करून निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. नवाब वाजिद अली शाहही लखनौहून आले ते इथल्या मटियाबुर्जलाच राहिले. त्यांच्या तोलाचा मी नव्हे, पण नदीकाठ सोडवत नाही एवढं साम्य सांगायला हरकत नसावी. गंमत म्हणजे नवाब वारले ते साल आणि आमची रेल्वे निघाली ते साल एकच.

गार्डन रीच म्हणजे गोदी, जहाजांचा कारखाना, मटियाबुर्जच्या शिलाईयंत्रांची अखंड घरघर, आणि रेल्वे. जिथे एवढ्या नोकऱ्या तिथे खेळ आलाच. या देशात खेळाडू पोसले ते तीन खात्यांनी: रेल्वे, सैन्य आणि पोलीस. गोलंदाजी चांगली म्हणून कारकून, हॉकी चांगली म्हणून तिकीट तपासनीस, असा तो सरळ व्यवहार. बिलासपूरच्या लेस्ली क्लॉडियसला फुटबॉलपासून हॉकीकडे वळवलं ते बी. एन. आर.च्या डिकी कार यांनी. कार हे स्वतः 1932 च्या ऑलिंपिकचे सुवर्णपदकवाले. सरावाला एक गडी कमी पडत होता, म्हणून बाजूला उभ्या असलेल्या पोराच्या हाती त्यांनी काठी दिली, असं सांगतात. त्या पोराने पुढे चार ऑलिंपिकं खेळून तीन सुवर्णपदकं आणि एक रौप्यपदक आणलं. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर 2001 च्या सुमारास आमच्या दक्षिण-पूर्व रेल्वेच्या खडगपूर स्थानकावर महेंद्रसिंग धोनी नावाचा एक तिकीट तपासनीस होता. 2011 मध्ये त्याला प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला. म्हणजे अधिकारींचाच हुद्दा. चषक स्वीकारायचा, तो संघातल्या पोरांच्या हाती द्यायचा आणि आपण छायाचित्राच्या कडेला जाऊन उभं राहायचं, ही धोनीची सवय सगळ्यांनी पाहिली आहे. आता ही सवय हुद्द्याच्या आधीची, हेही खरं. त्यामुळे सैन्य माणसाला असं घडवतं की असलीच माणसं सैन्याकडे ओढली जातात, याचा निकाल धोनीवरून लागत नाही.

तो लागावा म्हणून मी अधिकारींकडे परत येतो. 1958-59 ची वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका. पाच कसोटींत भारताचे चार कर्णधार झाले: उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड आणि शेवटी अधिकारी. आमच्या गार्डन रीचपासून नदीने थोडं वर गेलं की ईडन गार्डन्स. तिथे नववर्षाच्या तोंडावर कन्हायने 256 केल्या आणि भारत एक डाव आणि 336 धावांनी हरला. वडील तेव्हा नोकरीत नवे होते. त्या सामन्याचा विषय निघाला की ते चहा अर्धा टाकून उठून जायचे. हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्या चेंडूंपेक्षा त्यांना निवड समितीचा घोळ जास्त लागला होता. मद्रासच्या कसोटीआधी तर पुन्हा नेमलेल्या उम्रीगरनी कर्णधारपदच सोडलं. अशा मोडक्या गाड्याचं जू शेवटच्या कसोटीत 39 वर्षांच्या, संघाबाहेर असलेल्या एका सैन्याधिकाऱ्याच्या मानेवर ठेवलं गेलं.

दिल्लीचा तो सामना भारताने अनिर्णित राखला. वेस्ट इंडीजच्या 644 धावांपुढे. कर्णधाराने 63 आणि 40 केल्या, वर तीन बळी घेतले. पण तो सामना आठवतो तो 24 वर्षांच्या चंदू बोर्डेंसाठी. पहिल्या डावात 109, दुसऱ्यात 96, आणि दुसरं शतक चार धावांवर असताना हिट विकेट. पुन्हा तेच! दिल्ली बोर्डेंची झाली, ॲडलेड हजारेंचं झालं, 1952 ची ती भागीदारी गुलाम अहमद यांच्या अर्धशतकामुळे लोकांच्या लक्षात राहिली. आणि अधिकारी? त्या सामन्यानंतर ते कसोटी खेळलेच नाहीत. काही महिन्यांनी इंग्लंडला गेलेल्या संघाचं नेतृत्व दत्ताजीराव गायकवाड यांच्याकडे गेलं.

सैनिकी शिस्त म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिशा, शिट्टी आणि मैदानाला मारलेल्या फेऱ्या येतात. माझ्या शाळेतले कवायतीचे मास्तर तसेच होते. सैन्यातून आलेले, आवाज असा की खिडकीची तावदानं थरथरत, आणि उशिरा आलेल्या पोराला उन्हात कोंबडा करून स्वतः सावलीत उभे. त्यांनी सैन्यातून घेतलं ते एवढंच. पण सैन्याचा मूळ धडा तो नव्हे. डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीत 1932 साली जनरल चेटवुड यांनी नव्या अधिकाऱ्यांना एक क्रम घालून दिला, तो तिथे आजही भिंतीवर आहे: आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसं, आणि तुमची स्वतःची सोय सगळ्यांत शेवटी. बघा, यात 'दया करा' किंवा 'उदार व्हा' असं काही नाही. फक्त रांग सांगितली आहे. आपल्याकडे पंगतीत यजमान शेवटी पानावर बसतो, तसंच. त्याला भूक नसते म्हणून नव्हे. त्याचा नंबर शेवटचा असतो म्हणून. स्वभावाने उदार असलेला माणूस एखाद्या दिवशी वैतागतो आणि त्या दिवशी उदार नसतो. ज्याची उदारता रांगेत लावून दिलेली असते, त्याला वैतागायची सोयच नसते.

अधिकारी खेळाडू म्हणून थांबले तेव्हा त्यांचं खरं काम सुरू झालं, असं माझं मत आहे. सर्व्हिसेसच्या संघाचं नेतृत्व त्यांनी आधीच केलं होतं. तो संघ 1956-57 आणि 1957-58 अशी सलग दोन वर्षं रणजीच्या अंतिम फेरीत गेला. एकदा मुंबईकडून हरला, एकदा अधिकारींच्याच जुन्या बडोद्याकडून. सर्व्हिसेसने रणजी कधीच जिंकलेली नाही. बदल्यांवर असलेली माणसं, आज इथे तर उद्या कुठल्या छावणीत. त्यांना धरून असा संघ बांधायचा म्हणजे कर्णधाराला पत्रव्यवहारच किती करावा लागत असेल याची कल्पना आम्हा रेल्वेवाल्यांनाच येईल. त्याच संघातले सुरेंद्रनाथ आणि मुद्दय्या 1959 च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले. कर्णधार मागे राहिला, पोरं बोटीवर चढली.

मग शिबिरं आली. सुनील गावस्कर, कपिल देव, रवी शास्त्री, कीर्ती आझाद ही नावं कर्नलसाहेबांच्या हाताखालून गेली. या चौघांची फलंदाजी एकमेकांसारखी नाही, स्वभाव तर नाहीतच. मला यातच शिक्षकाची सही दिसते. जो शिक्षक स्वतःच्या नकला काढतो त्याचे शिष्य ओळखू येतात. कर्नलचे शिष्य फटक्यांवरून ओळखू येत नाहीत.

1971 मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाबरोबर इंग्लंडला ते व्यवस्थापक म्हणून गेले. तेव्हा प्रशिक्षक, फिजिओ, विश्लेषक असला लवाजमा नसे. व्यवस्थापक म्हणजे तोच सगळं. अधिकारी स्वतः ऐन उमेदीत कव्हरला वाघ होते, आणि भारतीय संघ क्षेत्ररक्षणात आळशी ही त्यांना बोचणारी गोष्ट. त्यांनी पोरांना झेलांवर घासलं. 24 ऑगस्ट 1971 ला ओव्हलवर भारत जिंकला तेव्हा वर्तमानपत्रांत चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी होते आणि ते असायलाच हवेत. इंग्लंड 101 मध्ये उडालं. पण फिरकीचा बळी बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातात पडतो. ॲलन नॉटचा झेल एकनाथ सोलकरने शॉर्टलेगला पुढे झेपावून असा घेतला की छायाचित्रात तो जमिनीला समांतर दिसतो. सोलकर हा मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. 27 कसोटींत 53 झेल, डोक्यावर हेल्मेट नाही, फलंदाजापासून हाताच्या अंतरावर. तो झेल सोलकरचा, त्यात वाद नाही. पण त्या जागेवर रोज सकाळी उभं राहायला लावणारा कोणी तरी असतो, आणि त्याचं नाव धावफलकात येत नाही.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण 1974 च्या दौऱ्यावरही व्यवस्थापक अधिकारीच होते. तीच शिस्त, तोच माणूस, बरेचसे तेच खेळाडू. भारत तिन्ही कसोटी हरला आणि लॉर्ड्सवर 17 षटकांत 42 धावांत गारद झाला. मैदानाबाहेरही त्या दौऱ्यात जे व्हायचं नाही ते सगळं झालं. शिस्त हा ताईत नव्हे, हे त्या उन्हाळ्याने दाखवलं. आणि त्या 42 मध्ये दोन आकडी धावसंख्या एकाच माणसाची होती, 18 नाबाद, सोलकर. मी यातून काही सिद्ध करत नाही. फक्त माझी खोड सांगितली ना, मी दुसरं टोक बघतो.

कर्नल अधिकारी 25 ऑक्टोबर 2003 रोजी मुंबईत गेले. त्यांना मी कधी भेटलो नाही. मला जे काही समजलं ते धावफलकांतून, आणि आमच्या वस्तीतल्या एका माणसावरून.

रेल्वे वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानावर सकाळी एक निवृत्त हवालदार पोरांना फुटबॉल शिकवतात. सैन्याच्या सिग्नलमध्ये नोकरी झाली, आता पेन्शन. पोरं त्यांना 'फौजी सर' म्हणतात. काही रेल्वेवाल्यांची, काही गोदीतल्या हमालांची, बरीचशी मटियाबुर्जच्या शिलाईवाल्यांची. त्यातली दोन तर काज-बटणाचं काम करून आलेली असतात आणि त्यांच्या बोटांना दोरा चिकटलेला असतो. सर आवाज चढवत नाहीत. उशिरा आलेल्याला शिक्षा एकच: त्या दिवशी चेंडूंत हवा भरायची आणि सगळ्यात शेवटी पाणी प्यायचं. सरांच्या एक नंबर आधी. सरांचा नंबर त्याहून शेवटी.

त्यांच्याकडे एक वही आहे. मला वाटलं हजेरीची असेल. तिच्यात पोरांच्या पायांची मापं होती. धर्मतळ्याच्या मैदान मार्केटमधून ते बूट आणतात, पेन्शनमधून, पण कोणत्याही मुलाला बूट 'देत' नाहीत. बूट संघाचे. पाय वाढला की जोडा परत, तो धुऊन, दोऱ्या बदलून पुढच्याला. प्रत्येक जोड्याच्या जिभेवर आतून शाईने आद्याक्षरं लिहिलेली असतात, एकाखाली एक. एका जोड्यात मी पाच नावं पाहिली, आणि त्यातलं वरचं नाव आता पहिल्या डिव्हिजनला खेळतं. त्याला माहीतही नसेल की त्याचे बूट अजून धावताहेत. या पद्धतीत उपकाराला जागाच नाही. पोरगं बूट घेतं ते कोणाच्या तरी मागून आणि देतं ते कोणाच्या तरी पुढे, मध्ये मान खाली घालायची वेळ येत नाही. दान देणाऱ्या मोठ्या संस्था मी नोकरीत असताना जवळून पाहिल्या आहेत. धनादेशाची मोठी पुठ्ठ्याची प्रत, हार, छायाचित्र, आणि मधोमध ज्याला मदत मिळाली तो मुलगा, ओशाळलेला. फौजी सरांच्या वहीत छायाचित्राची सोय नाही.

मी एकदा त्यांना विचारलं, हे तुम्ही सैन्यात शिकलात का? ते हसले. म्हणाले, "स्टोअर होतं माझ्याकडे. कंबल एकाचा नसतो, कंपनीचा असतो. ज्याला थंडी, त्याच्याकडे. हिशेब ठेवायचा, बस." मी तत्त्वज्ञान शोधत होतो, त्यांनी मला स्टोअरचा नियम सांगितला. आणि मला वाटतं तोच खरा. कर्नल आणि हवालदार यांच्यात हुद्द्याचं केवढं अंतर! एकाने कसोटी संघाचं नेतृत्व केलं, दुसऱ्याचं मैदान अर्धं चिखल. पण दोघांनीही आपला नंबर रांगेत कुठे आहे हे एकदा ठरवून टाकलं आणि मग त्यावर पुन्हा विचार केला नाही.

मागच्या पावसाळ्यात सरांच्या गुडघ्यांनी संप केला. मला काळजी पडली की आता हे सगळं बंद पडणार. निवृत्त माणसाला असल्या काळज्या फार लवकर लागतात. पाकिटात काही नोटा घालून मी मैदानावर गेलो. सर बाकावर बसले होते आणि सराव चालू होता. गोलरक्षक पोरगा, वय असेल चौदा, वही काखेत धरून उभा. रेल्वेत जसं बदली झालेला साहेब नव्या साहेबाला चार्ज देतो, तसा सरांनी त्याला रीतसर चार्ज दिला होता. किती जोडे, किती चेंडू, पंपाची पिन कुठली नवी, सगळी यादी, खाली दोघांच्या सह्या.

मी त्या पोरापुढे पाकीट धरलं. त्याने ते घेतलं नाही. वही उघडून बोट फिरवत तो मला हिंदीत म्हणाला, "अंकल, पैसे नको. पाच नंबर दोन जोड्या, सहा नंबर एक. दुकानदाराला फौजी सरांचं नाव सांगा, तो कमी करतो. आणि पावती आणा, चिकटवायची असते."